कापडाचं बाळ

वासण्याला जाणाऱ्या बसमध्ये निरुपमाच्या मागच्या बाकावर संगीत नाटकवाली दोघं भांडत होती. तो नाटक बसवणारा, ती नाटकातलं कापडी सामान शिवणारी.

“देवश्री, हे बाळ नाही, उशी वाटते!”

“उन्मेष, तीनदा उसवून शिवलंय मी. आधी म्हणालास हलकं आहे, मग म्हणालास मान ताठ आहे.”

“अंगाईला लोक रडायला हवेत. काल तालमीत सगळे हसले.”

“रूपाली त्याला वांग्यांच्या पिशवीसारखं लटकवून गाते, म्हणून हसले!”

“परवा प्रयोग आहे. बाळ काढूनच टाकतो.”

“मग अंगाई कुणाला म्हणणार ती? तबलजीला?”

“ओरडू नकोस.”

“तूच ओरडतोयस!”

बस थांबली. चढलेल्या एक म्हाताऱ्या बाई देवश्रीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ झोपलंय असं समजून उन्मेषवरच गुजरातीत उखडल्या.

“भाई, धीमे बोलो ने! छोकरो जागी जशे.”

निरुपमाने वळून पाहिलं. देवश्री ते दुपटं थोपटत होती.

“माफ करजो, बा,” उन्मेष पुटपुटला.

मग मागून त्याची कुजबुज ऐकू आली, “उतरल्यावर पीसीओवरून रूपालीला फोन करून बोलावून घेतो. बाळ कसं धरायचं, ते तूच दाखव तिला.”