काळ्या आईची तपकिरी पिल्लं

—दोन हजार चोवीसचा वैशाख, तेव्हापासून मी चष्मा लावतो, म्हणून जोडी नीट बघून देणार. बस त्या बाकावर, शर्मिला. तुझ्या बापाच्या लॅबचा एसी बंद पडला, उकाड्याने सगळे काळे उंदीर गेले, आता घाईत भलतीच जोडी नेलीस तर तुझ्या बापाची, अंकुशची, नोकरीपण जाईल. नाक काय धरतेस? उंदीर आहेत, मोगरा नाही लावला मी इथे.

काम काय? काम हेच, पोरी — तीस वर्षं घणसोलीहून यायचं आणि सख्ख्या भावाची सख्ख्या बहिणीशी जोडी लावायची. वीस पिढ्या अशा गेल्या की सगळे एकसारखे, जुळे असल्यागत. मग साहेब लोक बघतात — खाणं तेच, तरी काळे लठ्ठ होतात, तपकिरी होत नाहीत, ते का. आणि घरी नातीचं स्थळ आलं की मीच विचारतो, लांबचं नातं तर नाही ना? आमची ही, विमलबाई, म्हणते, आधी ठरवा, तुम्ही कुठल्या बाजूचे.

चष्म्याचं काय? काही नाही. म्हणजे — आत लाल दिवा असतो, त्यात तपकिरीपण काळाच दिसतो, म्हणून कानाला पाडलेली ओळखीची खाच बघायची. मी बघितली. म्हणजे बोटाने चाचपली. चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा, मी कसला म्हातारा. पुढे पिल्लांना लव फुटली — आई काळी, पिल्लं झाडून तपकिरी, म्हणजे नर मी तपकिरी सोडला होता. एका पेटीत घोळ म्हटल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? काळ्यांचा अख्खा वंश मोडीत काढला.

मग तुझ्या बापाच्या लॅबच्या दारात गेलो. मागितलं नाही — मला मागता येत नाही, उभं राहता येतं. अंकुशने एकदा बघितलं आणि आतल्या त्याच्या मॅडमना मोठ्याने म्हणाला, मॅडम, आपल्याकडे काळे जास्त झालेत, एक जोडी धर्मराजदादांना देऊ? जास्त कुठले — त्याच्या अर्ध्या पेट्या रिकाम्या होत्या. चष्मा नसतानाही दिसल्या मला.

हे तुला सांगायचं नव्हतं. असो.

ही घे. एकाच आईची, एकाच वेताची, भाऊ-बहीण. साहेबांना विचारलंय. कान दोनदा बघितलेत, चष्मा लावून. तुझ्या बापाला स्वतःला यायचं नव्हतं, तुला पाठवलं — कळतं मला.

त्या रिकाम्या पेट्यांकडे काय बघतेस? बापाला सांग, धर्मराजकडे जास्त झाले होते.

फिटलं. दार ओढून घे.