चटयांखालचं तत्त्वज्ञान

पन्हाळ्याच्या एसटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या दीप्तीच्या पुढं बापलेकीची अशी जुंपली होती, की कान झाकले असते तरी ऐकू आलं असतं.

"बंद म्हंजे?"

"तत्त्वज्ञान बंद, आबा. तिसऱ्या वर्षाला आमी तिघीच. प्राचार्य म्हणले, त्या खोलीत आता चटया टाकल्यात, योगाला नाव घाला."

"आणि तू गप आलीस?"

"तुमीच म्हणत हुता की, असलं शिकून नोकरी कोण देणार? प्राचार्य बी तेच म्हणले."

"ते मी म्हणायचं! त्यानं न्हाय!"

"योग काय वाईट न्हाय, आबा. सर म्हणले, दोन्ही एकाच घरातलं."

"मग एकाला हाकलून दुसऱ्याला आत घेतात व्हय?"

"तुमी का तापताय?"

"तापू नको तर काय करू? दोन वर्सं प्रश्न विचारून घरात माझा जीव खाल्लास. आत्तीच्या पोरीच्या सुपारीत भर बैठकीत विचारलंस, तिला कुणी विचारलंय का? माझी मान खाली गेली. सुपारी मोडली. आज ती पोरगी नर्स हाय, आणि मी चारचौघांत तुझं नाव सांगतोय. आता हे म्हणत्यात, डोळं मिटून बस?"

"एसटी आली, आबा."

"जाऊ दे. चल कॉलेजात."

"तिथं तुमी काय बोलणार?"

"मी कशाला बोलू? प्रश्न तू विचारायचास. उत्तर दिल्याबिगर कोण खोलीबाहेर पडत न्हाय, तेवढं मी बघतो."