समुद्र शिकायला समुद्रापार

…आणि शिकायचं काय, तर म्हणे समुद्र! तुम्हाला सांगतो, सुवाच्या बाजारात माझं यंगोनाचं दुकान, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळांचा धंदा, दारातून खडा भिरकावला तर समुद्रात पडेल, आणि माझी पोरगी मेरेसेइनी समुद्र शिकायला न्यूझीलंडला निघाली! तिथला तर गारठलेला! मला सांगा, इथे काय कमी आहे?

अहो, इथल्या विद्यापीठात बेटाबेटांवरची पोरं येतात, मुळं माझ्याचकडे घेतात! म्हटलं, त्यांच्याच तोंडून पोरीला ऐकवू. तुवालूची लोसालिनी आली, विचारलं, "घर सोडून का आलीस गं? आमच्याकडे शिक्षण भारी, म्हणून ना?" तर म्हणते, "छे हो काका! आमच्या बेटावर मी शिंकले की दुसऱ्या टोकाची आत्या माशाचं कालवण घेऊन हजर. म्हटलं, एकदा तरी अनोळखी गावात शिंकून बघू!" सॉलोमन बेटांवरचा एलिसन त्याच्या वरताण! "बाप हेडमास्तर, चुलता गणिताला, मामा परीक्षक… काका, एकदा तरी मला परक्या माणसाने नापास करावं!" गल्ल्यावर मेरेसेइनी फिदीफिदी हसतेय… साक्षीदार आणले मी, साक्ष तिच्या बाजूने! पण मी ठाम. नाही म्हणजे नाही. इथे काय कमी आहे?

मग शनिवारी, ऐन गर्दीत, पोरीने माझ्यासमोर मांडी घातली आणि मुळांची जुडी पुढे केली. आता जन्माची सवय हो! कोणी मूळ पुढे केलं की हात आपोआप जातो… घेतली, तोलली, हुंगली, "दुय्यम माल," म्हटलं… आणि मागून बायको ओरडली, "घेतलीत! झालं!"

आमच्यात अशी मांडी घालून दिलेली जुडी हातात घेतली, की मागणी मान्य! अख्खा बाजार टाळ्या पिटतोय, मासळीवाली तर रडतेय!

"अगं, मी माल बघत होतो!"

"बाबा, आता तुम्ही टाळी वाजवायची. रीत आहे."

वाजवली! करतो काय?

आणि जुडी कुठली, सांगू? माझ्याच दुकानातली! म्हटलं, "बापासाठी निदान पहिल्या प्रतीची तरी उचलायचीस!" तर म्हणते कशी, "ती गिऱ्हाइकांना ठेवलीय, बाबा."

धंदा कळलाय पोरीला… तिकडे उपाशी नाही राहायची. आणि तुम्ही विचाराल, इथे काय कमी आहे? काही नाही हो… फेब्रुवारीपासून गल्ल्यावरची एक पोरगी तेवढी कमी!