चौथा पिंजरा

(प्रयोगशाळेतलं प्राणीघर. दुपार. भिंतीला उंदरांचे पिंजरे.)

काका : एक बाटली द्या, मॅडम. लहानशी. कुणाला कळणारसुद्धा नाही.

मॅडम : काका, ते औषध अजून एकाही माणसाला दिलेलं नाही.

काका : अठरा वर्षं तुमच्या उंदरांचे पिंजरे धुतोय. कधी काही मागितलं? पोरगी तिकडे ऑक्सिजनवर आहे. डॉक्टरांनी हात टेकले. हा तिचा रिपोर्ट बघा, जंतूचं नाव आपल्या जंतूंच्या डब्यांवर असतं तेच.

मॅडम : म्हणूनच सांगते, त्या औषधाच्या नादी लागू नका. तेच जंतू दिलेल्या सहा पिंजऱ्यांना ते टोचलं. पाच पिंजऱ्यांतली एकूण एक मेली.

काका : चौथ्यातली जगली! या डोळ्यांनी पाहिलंय. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली, दोन दिवसांत दाण्यांवर तुटून पडली.

मॅडम : हो. नंतर कापून पाहिली तर फुप्फुसं स्वच्छ, प्लीहा नेहमीएवढी. बाकीच्यांची फुप्फुसं पू धरून घट्ट, प्लीहा फुगून दुप्पट. औषध तेच, मात्रा तीच. आठवडाभर डोकं फोडतेय मी. खरं सांगा, त्या पिंजऱ्यात तुम्ही काही केलंत?

काका : मी काय करणार?

मॅडम : रागावणार नाही.

काका : ...पाण्यात गोळ्या कुटून घातल्या. कुडकुडत होती हो, बघवेना. चारच होत्या, एका पिंजऱ्यापुरत्या. पण गुण आला तो तुमच्या औषधाचाच!

मॅडम : कुठल्या गोळ्या?

काका : पोरीच्या. ही त्यांची रिकामी पट्टी. तिचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. म्हटलं, कशाला उगाच गरम औषध पोटात ढकलायचं? मीच बंद करायला लावल्या.

मॅडम : डॉक्टरांनी किती दिवस सांगितल्या होत्या?

काका : पाच.

मॅडम : आणि उरलेल्या दोन दिवसांच्या चौथ्या पिंजऱ्यात.

काका : म्हणजे उंदरं त्या गोळ्यांनी... मग त्याच आणतो की! आत्ता जातो, पळत जातो!

मॅडम : थांबा. बसा इथे. तिच्या रिपोर्टात खाली लिहिलंय, आता ते जंतू त्या गोळ्यांना जुमानत नाहीत. अर्धेमुर्धे मारून सोडले की उरलेले चिवट होतात, काका.

काका : ती घ्यायला तयार होती हो. मीच म्हटलं, पुरे.

मॅडम : पाणी प्या थोडं.

काका : सांगून आलोय तिला, औषध घेऊनच येतो म्हणून. बोलवत नाही तिला. मान हलवली.