दुबईच्या खेळाची पूजा

आमच्या शेजारच्या महादेवीचं सांगते. तिच्या दुबईच्या भावानं पत्रातून विचारलं, "पोरींना हातात मावणारा, सेलवर चालणारा बटणांचा खेळ आणतोय. चेंडूचा आणू की बेरजा शिकवणारा?"

पत्र मीच वाचून दाखवलं होतं, तर गप्प कशी बसणार? म्हटलं, "बेरजांचाच मागव, शिकतील तरी."

भाऊ सुट्टीवर आला, खेळ देऊन आपल्या घरी गेला. मी म्हटलं, "नवी वस्तू हाय, आधी पूजा कर की." महादेवीनं हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. झालं, साताचं बटण काही केल्या दबेना.

महादेवी रडकुंडीला आली. "अक्का, भाऊ संध्याकाळी पोरींची परीक्षा घ्यायला येतोय. काय सांगू त्याला?"

"सांग, सात सोडून सगळं येतंय."