तिळगूळ घ्या, पण बाहेरूनच

दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय परत पाठवायचं नाही! का? तर ‘का’ विचारायचं नाही! हा आमच्या सुलक्षणाआत्याचा नियम. लंडनच्या पिनरमध्ये तीस वर्षं काढली, पण नियम पुण्याहून आणला तसाच्या तसा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, सवाष्णीला ताप असला तर? आत्या म्हणाली, “जीभ केवढी ही पोरीची!” संपला विषय.

आता ऐका. माझ्या आईचं, अरुणाचं, गेल्या मार्चमध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. कुणीतरी अनोळखी माणूस गेला आणि माझी आई राहिली... त्यावर मी जास्त बोलत नाही, पुढचं बोलता येत नाही मग. तर नवं लिव्हर शरीराने परकं म्हणून हाकलू नये, यासाठी आयुष्यभर गोळ्या. त्या गोळ्यांनी अंगातली सगळी फौजच झोपवलेली! साधा फ्लूसुद्धा परवडायचा नाही. म्हणून ऑक्टोबरात लस आणि नोव्हेंबरात बूस्टर, कारण अशा पेशंटांना दुसऱ्या डोसाने तरी फरक पडतो का, हे हॉस्पिटलवाले तपासत होते. मग रक्त घेतलं. नर्सचा फोन आला, “सॉरी, लव्ह... तुझ्या मम्‌चं रक्त लसीला दादच देत नाहीये गं.”

हे मी घरात सांगितलं, तर आत्याचे यजमान, आमचे दीनानाथकाका, रिटायर्ड जीपी, म्हणजे स्वतः डॉक्टर, पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “लस घेतली ना? मग झालं!”

“अहो काका, घेणं वेगळं, लागू पडणं वेगळं!”

“तू ब्रिस्टलला काय शिकलीस? हिस्टरी ना? मग!”

मग काय मग? सांगा तुम्हीच!

आणि त्यात आली संक्रांत. आत्या म्हणाली, “अरुणाचा पुनर्जन्म झालाय, यंदाचं हळदीकुंकू तिच्याच घरी!” सगळ्या हॅरो-वेम्बलीला आमंत्रणं! मी ओरडले, भांडले. उत्तर काय? “लस घेतली ना तिने? मग झालं!” बाबा? बाबा गाडी पार्क करायला गेले, ते अजून पार्कच करतायत!

आणि आई... सकाळी गुपचूप पैठणीला इस्त्री करत होती. वर्षभर तिने माणसं पाहिली ती बहुतेक मास्कमधली. बांगड्या भरताना ती गुणगुणत होती हो!

बेल वाजली. दारात वेम्बलीच्या नीनाकाकू, डोळे लालभडक, नाकाला टिश्यू. “काही नाही गं, जरासा फ्लू होता... उतरलाय... खॉक्क्!” मागे पाच-सहा जणी, कोट काढायच्या तयारीत. आत्या माझ्या मागून, “ये ये, नीना! अगं, अरुणाने लस घेतलीय!”

मी दारात आडवा हात घातला.

“नाही.”

“अगं, सवाष्ण दारात उभी आहे!”

“राहू दे उभी. काकू, तुमचा फ्लू उतरला. आईचा उतरणार नाही. लस घेतली, पण लागू पडली नाही. आज कुणीही आत येणार नाही. आत्या, तुझा नियम तू ठेव. मला आई ठेवायचीय.”

तुम्हाला सांगते, आत्याने उघडलेला करंडा मिटला! जन्मात पहिल्यांदा! काकांनी “लस घेतली ना, मग...” एवढं काढलं, आणि माझ्याकडे बघून ते ‘मग’वरच थांबले. नीनाकाकूंनी खोकलासुद्धा गिळला.

जिंकले म्हणून वळले, तर मागे आई. पैठणी, कुंकू, हातात तबक. म्हणाली, “बरं.” एवढंच. तबक खाली ठेवलं आणि एकेक करून बांगड्या उतरवायला लागली.

डबाभर तिळगूळ उरलाय. रोज मीच खातेय. गोड बोलणं काही अजून जमत नाही.