उतारावरचं बोलणं

डिझेल वाचवावं तर आमच्या वडलांनी, आप्पांनी. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट असेल. वजन नको म्हणून त्यांनी आमच्या जुन्या जीपच्या टपावरचं सामानाचं कॅरिअर काढून टाकलं होतं. आणि नगरहून पाथर्डीला येताना करंजीचा उतार लागला की ते चक्क इंजिनच बंद करायचे. स्टार्टर कधीचा बिघडलेला. त्यामुळे उतार संपायच्या आत गिअर टाकून गाडी चालू करायची, नाहीतर उतरा आणि ढकला.

एरवी त्या जीपच्या धडधडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून घरातलं महत्त्वाचं बोलणं आम्ही त्या उतारावरच उरकायचो. इंजिन सुरू झालं की विषय संपला.

एकदा ताईच्या लग्नाच्या सुपारीचं सामान घेऊन नगरहून येत होतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. उतारावर आप्पांनी इंजिन बंद केलं आणि मागून ताई म्हणाली, "आप्पा, मला हे लगीन करायचं न्हाई."

पुढं बसलेल्या आईनं वळून तिच्याकडं पाहिलं.

"मला कुनी विचारलंच न्हाई, आप्पा."

उतार संपत आला. आप्पांचा हात सवयीनं गिअरवर गेला. ते बघून ताईनं मान खाली घातली.

आप्पांनी हात काढून घेतला. जीप हळू होत होत सपाटीवर उभीच राहिली.

"अवो, आता ही ढकलायची कुनी?" आई म्हणाली.

"ढकलू आपन," आप्पा म्हणाले. "आधी तिचं बोलून होऊ दे."